सूर्य समोर असताना शहराचे छायाचित्र कसे काढावे

छायाचित्रण शिकू लागलेल्या माणसाला पहिली सूचना बहुधा हीच मिळते की, सूर्य पाठीशी ठेवावा. सूचना योग्यच आहे. ऊन पाठीमागून आले की समोरच्या इमारती सारख्या उजळतात, आकाश निळे उमटते आणि कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन सहसा चुकत नाही. मात्र शहरात फिरताना उभे राहण्याची जागा आपल्या हातात क्वचितच असते. रस्ता ज्या दिशेला जातो त्याच दिशेला पाहावे लागते, गच्ची एकच मिळते आणि हवा असलेला मनोरा नेमका सूर्याच्या बाजूला उभा असतो. मग घरी येऊन पाहावे तर इमारती काळ्या ठिक्कर, आकाश पांढरे फटक आणि दोहोंच्या मध्ये काहीच नाही, असा अनुभव जवळजवळ प्रत्येक नवशिक्याला येतो.

तरीही समोरचे ऊन टाळू नये, असे मला मनापासून वाटते, कारण शहराच्या काही गोष्टी त्याच उजेडात दिसतात. हवेतली धूळ आणि धूर उजळतात, ओला रस्ता चमकतो, चालणाऱ्या माणसाच्या खांद्याभोवती प्रकाशाची बारीक कड येते, सावल्या लांब होऊन आपल्याकडे येतात आणि घरांच्या रांगा एकीमागून एक फिकट होत जातात. हे सगळे मिळवायचे तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. अशा दृश्यात सर्व काही एकाच छायाचित्रात नीट येत नाही. त्यामुळे काय काळे पडू द्यायचे आणि काय पांढरे होऊ द्यायचे, हे कॅमेऱ्यावर न सोडता आपण ठरवायचे असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या निर्णयाला धरूनच आहेत.

पायरी १: डोळे आणि कॅमेरा जपा

आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीतून, दिसणारे दृश्य थेट लेन्समधूनच डोळ्यापर्यंत येते. त्यातून सूर्याकडे पाहणे धोक्याचे आहे आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका धोका वाढतो, कारण भिंगाने गोळा केलेले ऊन थेट नेत्रपटलावर पडते. असा कॅमेरा असेल तर मागच्या पडद्यावर दृश्य पाहून चौकट जुळवावी. मोबाइलवर किंवा मिररलेस कॅमेऱ्यात आपण पडद्यावरचे चित्र पाहतो, त्यामुळे डोळ्यांना तो धोका नसतो. पण पडद्याच्या कडेवरून नजर सरळ सूर्याकडे जाते, तेवढी सवय मोडावी. लांब पल्ल्याची लेन्स सूर्यावर रोखून कॅमेरा तसाच ठेवू नये, त्याने आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, किंवा त्याच्यापुढचा शटरचा पडदा भाजू शकतो. दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळात लेन्सवर झाकण घालण्याची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्यावी.

पायरी २: कॅमेरा असा का वागतो, हे समजून घ्या

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर भिंत आहे की आकाश, हे कळत नाही. दृश्यातून परत येणारा प्रकाश तो मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेच्या आसपास यावी, अशी मांडणी करतो. ही छटा साधारणपणे पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या पृष्ठभागाची मानली जाते. सूर्य समोर असला की चौकटीचा मोठा भाग झगझगीत आकाशाने व्यापलेला असतो. मापक त्या आकाशाला मध्यम छटेत ओढतो आणि आधीच सावलीत असलेल्या भिंती त्याबरोबर खाली, अंधारात जातात. हल्लीचे कॅमेरे चौकटीचे अनेक भाग पाडून मोजतात आणि काही प्रमाणात हा फरक ओळखतातही, पण तुमच्या मनातले छायाचित्र कोणते, याचा अंदाज त्यांना असू शकत नाही.

दुसरी अडचण पल्ल्याची आहे. छायाचित्रणात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप. सूर्याभोवतीचे आकाश आणि सावलीतल्या उघड्या दारामागचा अंधार यांत दहा स्टॉपांचा, म्हणजे हजारपटींहून अधिक फरक सहज असतो. आपला डोळा आकाशाकडून दाराकडे वळताना क्षणोक्षणी जुळवून घेतो, त्यामुळे आपल्याला दोन्ही दिसतात; कॅमेऱ्याला मात्र एकाच मापात सगळे बसवावे लागते. वर चढलेल्या सूर्याचे बिंब तर सेन्सरच्या पल्ल्यात बसतच नाही. ते पांढरेच येणार, हे गृहीत धरून पुढे जावे.

पायरी ३: बटण दाबण्यापूर्वी ठरवा

दृश्यासमोर उभे राहून स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या जागी मला थांबवले कशाने? उत्तर ‘आकार’ असेल, म्हणजे मनोऱ्याची रेघ, तारांचे जाळे, पुलाची कमान, गच्चीवर उभे असलेले माणूस, तर इमारती काळ्या पडू द्याव्यात आणि आकाशाचा रंग राखावा. याला छायाकृती म्हणतात. उत्तर ‘भिंत’ असेल, म्हणजे जुने कोरीवकाम, दुकानाची पाटी, दारात बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा, तर सावली उजळवावी आणि आकाश पांढरे झाले तरी चालवून घ्यावे. शक्य तर चौकटीत आकाश घेऊच नये. दोन्ही हवेच असेल तर एकाहून अधिक छायाचित्रे जोडण्याचा मार्ग आहे, तो पुढे येईल. नवशिक्याने छायाकृतीपासून सुरुवात करावी असा माझा आग्रह आहे, कारण तिथे चूक लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते.

पायरी ४: जागा आणि वेळ

माध्यान्हीचा सूर्य इतका वर असतो की तो चौकटीत येतही नाही, फक्त सगळे दृश्य फिके करतो. समोरच्या उन्हाचा खरा उपयोग सूर्य खाली असताना, म्हणजे उगवल्यानंतरच्या आणि मावळण्याआधीच्या तासाभरात होतो. त्या वेळी ऊन वातावरणाच्या जाड थरातून येते, त्यातील निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरलेला प्रकाश मंद व नारिंगी होतो, त्यामुळे आकाश आणि रस्ता यांतील फरकही कमी होतो. किती वेळ उरला आहे याचा अंदाज घ्यायचा असेल तर हात लांब करून मूठ धरावी. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकतो, पण तो बहुतेक ठिकाणी तिरका उतरत असल्यामुळे क्षितिजापर्यंतची एक मूठ उतरायला त्याला किमान चाळीस मिनिटे आणि पुष्कळदा त्याहून जास्त वेळ लागतो.

सूर्य उघडा ठेवण्यापेक्षा एखाद्या वस्तूमागे अर्धवट लपवणे नवशिक्याला फार सोयीचे पडते, आणि त्यासाठी शहरात मनोरे, पाण्याच्या टाक्या, विजेचे खांब, झाडे असे आडोसे जागोजागी असतात. सूर्य नेमका कुठून डोकावेल हे आकाशाकडे पाहून शोधण्याची गरज नाही, जमिनीकडे पाहावे. मनोऱ्याची सावली रस्त्यावर जिथे संपते ती कड शोधावी आणि कॅमेरा त्या कडेवर आणावा. सावलीच्या आत असाल तर सूर्य झाकलेला असेल, बाहेर असाल तर पूर्ण उघडा आणि ठीक कडेवर असाल तर त्याची एक कोर दगडाच्या काठावरून बाहेर येईल. सूर्यबिंबाची रुंदी अर्ध्या अंशाच्या आसपास असल्यामुळे सावलीची कड कधीच धारदार नसते. मनोऱ्याचा माथा तुमच्यापासून ५० मीटर असेल तर ती धूसर पट्टी जवळजवळ अर्धा मीटर रुंद असते. तेवढ्या पट्टीत पाऊलभर पुढे-मागे किंवा डावी-उजवीकडे होऊन प्रत्येक वेळी एक छायाचित्र घ्यावे. तिथे रेंगाळून मात्र चालत नाही. सूर्य स्वतःच्या रुंदीएवढे अंतर दोन मिनिटांत पार करतो, त्यामुळे मघाची जागा पाहता पाहता निरुपयोगी होते आणि सावलीबरोबर आपल्यालाही सरकावे लागते.

पायरी ५: लेन्स स्वच्छ करा, आडोसा धरा

ही पायरी छोटी असली तरी तिने सर्वाधिक छायाचित्रे वाचतात. मोबाइलच्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असेल तर पाठीशी सूर्य असताना तो जाणवतही नाही, पण सूर्य समोर आला की त्याच ठशामुळे सगळ्या चित्रावर दुधट पडदा पसरतो. म्हणून स्वच्छ, मऊ कापडाने भिंग हलकेच पुसावे. संरक्षणासाठी लावलेला काचेचा फिल्टर काढून ठेवावा. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, आणि लेन्सच्या आत अशी अनेक भिंगे असतात. लेप हे प्रमाण पुष्कळ कमी करतो, तरी साध्या फिल्टरमुळे दोन पृष्ठभाग आणखी वाढतातच. या आतल्या परावर्तनांतून जे रंगीत ठिपके आणि पट्टे उमटतात, त्यांना फ्लेअर म्हणतात.

सूर्य चौकटीच्या थोडाच बाहेर असेल तर लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची झापड, उपयोगी पडते. हूड नसेल तर मोकळ्या हाताचा पंजा असा धरावा की त्याची सावली भिंगावर पडेल, पण पंजा चित्रात येणार नाही. पडद्यावर पाहत पंजा आत-बाहेर करून पाहा: एका क्षणी फिके पडलेले सगळे रंग एकदम गडद होतात, तीच पंजाची जागा. सूर्य चौकटीच्या आत असेल तर हूडचाही उपयोग नाही. तिथे किंचित वळून ठिपके नको त्या जागेवरून, विशेषतः चेहऱ्यावरून, हलवावे लागतात.

पायरी ६: मापन

मोबाइलवर सुरुवात अशी करावी. चौकट जुळवून झाल्यावर सूर्यावर बोट न ठेवता, त्याच्यापासून थोड्या अंतरावरील उजळ आकाशावर बोट ठेवून दाबून धरावे. बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि प्रकाश दोन्ही तिथे कुलूपबंद होतात आणि शेजारी एक सरकपट्टी किंवा सूर्याचे छोटे चिन्ह दिसते. ते खाली सरकवत आकाशाचा रंग परत येईपर्यंत चित्र काळे करावे. छायाकृती हवी असेल तर स्वयंचलित एचडीआर, म्हणजे कमी-अधिक उजेडाची छायाचित्रे आपोआप जोडणारी सोय, बंद करावे, कारण ते सावल्या उजळवून तुमचा निर्णय फिरवते. भिंतीचा तपशील हवा असेल तर हेच उलट करावे: सावलीतल्या भिंतीवर बोट दाबून धरावे आणि आकाश जाईल तिकडे जाऊ द्यावे.

कॅमेरा असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले छिद्र किती उघडायचे, हे आपण ठरवायचे आणि शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत घ्यायचा, हे कॅमेऱ्याने, अशी पद्धत निवडावी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १०० आणि ॲपर्चर एफ/८ ठेवावे; एफचा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. मग अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने, छायाकृतीसाठी उणे १ ते उणे २ आणि सावलीतल्या तपशिलासाठी अधिक १ ते अधिक २ इतका बदल करावा. अंदाज पडताळण्याची एक जुनी रीत आजही खरी ठरते. चढलेल्या सूर्याच्या स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवले आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग, ठेवला की उन्हात न्हालेली वस्तू नीट येते. तीच वस्तू उन्हाकडे पाठ करून आपल्याकडे सावलीची बाजू दाखवत असेल तर दोन ते तीन स्टॉप अधिक उजेड लागतो, म्हणजे एफ/१६ ऐवजी एफ/८ किंवा एफ/५.६. समोरच्या उन्हाचा सारा पेच या दोन-तीन स्टॉपांत आहे. ते भिंतीला दिले की तेवढेच आकाशालाही मिळतात आणि आकाश जळते.

उन्हात पडदा नीट दिसत नाही, म्हणून चित्राच्या उजळपणावर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात किती भाग काळा आणि किती उजळ आहे हे दाखवणारा आलेख, पाहावा. त्याची उजवी भिंत उजळ भागाची आणि डावी काळ्या भागाची. सूर्यबिंबामुळे उजव्या भिंतीवर एक बारीक काठी उभी राहणारच, ती सोडून द्यावी. पण सगळे आकाशच त्या भिंतीला चिकटले असेल तर प्रकाश कमी करावा. कॅमेऱ्यात रॉ पद्धत, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी साठवण्याची सोय, असेल तर ती सुरू ठेवावी. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या चित्रफाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे काळ्या भागातून तपशील वर काढायला पुष्कळ वाव राहतो. पूर्ण पांढऱ्या झालेल्या जागेत मात्र परत आणण्यासारखे काही उरलेलेच नसते. म्हणून मन द्विधा असेल तेव्हा थोडे काळे छायाचित्र घ्यावे.

फोकसबद्दल इतकेच, की समोरच्या झगझगाटात स्वयंचलित फोकस पुढे-मागे शोधत राहते. त्याला गुळगुळीत आकाश किंवा सपाट सावली न देता भिंत आणि आकाश जिथे भेटतात ती कड द्यावी, फोकस धरून ठेवावा आणि मग चौकट जुळवावी.

पायरी ७: छायाकृती वाचता आली पाहिजे

छायाकृतीत रंग, पोत, चेहरा सगळे जाते आणि फक्त बाह्यरेषा उरते, म्हणून ती रेषा एका दृष्टिक्षेपात ओळखू यायला हवी. सायकल कडेने पाहिली तर सायकल दिसते, समोरून पाहिली तर काळी काठी. दोन माणसे एकमेकांवर आली तर एक गाठोडे होते. त्यांच्यामध्ये बोटभर आकाश दिसले की संभाषण दिसू लागते. चालणाऱ्या माणसाचे पाय जुळलेले असताना तो खांबासारखा वाटतो, म्हणून पाऊल पूर्ण पडून पायांत उजेडाचा त्रिकोण दिसेल त्या क्षणी बटण दाबावे. हा क्षण हुकतोच हुकतो, तेव्हा चार-पाच छायाचित्रे सलग घ्यावीत.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे काळ्यावर काळे दिसत नाही. उभे राहून पाहिले तर माणसाचे डोके मागच्या इमारतीच्या काळ्या भागात मिसळून जाते. गुडघ्यावर बसले की तेच डोके छपरांच्या वर, मोकळ्या आकाशात येते. मी तर अशा वेळी कॅमेरा जमिनीजवळच नेतो, कारण त्याने ओल्या रस्त्यावरची चमकही चौकटीत येते आणि पायांना उजळ पार्श्वभूमी मिळते. तारा, अँटेना, फांद्या यांना नवशिके अडथळा समजतात, पण छायाकृतीत त्याच शहराची लिपी होतात; त्या मुख्य आकाराला छेदत नाहीत ना, एवढे पाहावे.

उंचावरून शहर दिसत असेल तर लांब पल्ल्याची लेन्स वापरून पाहावी. सकाळच्या धुक्याचे किंवा धुळीचे कण सूर्याचा प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे, विखुरतात, त्यामुळे सूर्यासमोर दूरच्या घरांपुढे प्रकाशाचा पडदा जाड होत जातो. जवळची रांग काळी, तिच्यामागची करडी, त्यामागची फिकट, असे थर आपोआप वेगळे होतात. इथे मापन फारसे बदलावे लागत नाही.

पायरी ८: सूर्याला किरणे हवी असतील तर

अर्धवट झाकलेला सूर्य आणि एफ/१६ चे लहान छिद्र एकत्र आले की प्रकाश ॲपर्चरच्या पात्यांच्या कडांवर वळतो आणि ताऱ्यासारखी किरणे उमटतात. पात्यांची संख्या सम असेल तर तितकीच किरणे येतात आणि विषम असेल तर दुप्पट: आठ पात्यांची आठ, सात पात्यांची चौदा. बहुतेक मोबाइलचे छिद्र लहान-मोठे होत नाही, त्यामुळे ही अपेक्षा तिथे ठेवू नये. एफ/१६ वर सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपक्यांच्या रूपाने दिसते, तेवढी नंतर पुसावी लागते.

पायरी ९: आकाश आणि रस्ता दोन्ही हवे असतील तर

या अडचणीने छायाचित्रकारांना आरंभापासून छळले आहे. १८५० च्या दशकात फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने समुद्रदृश्यांत आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी अशा दोन काचपट्ट्या वेगवेगळ्या टिपून एकाच कागदावर छापल्या, कारण एका पट्टीवर दोन्ही नीट येत नव्हते. आज आपण तेच ब्रॅकेटिंगने करतो. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा कठड्यावर स्थिर ठेवून उणे २, शून्य आणि अधिक २ अशी तीन छायाचित्रे घ्यावीत आणि ती संगणकावर जोडावीत. या तीनही वेळी ॲपर्चर आणि फोकस तेच ठेवून फक्त शटरचा वेग बदलू द्यावा. गजबजलेल्या रस्त्यावर मात्र हा मार्ग फसतो, कारण तीन छायाचित्रांत माणसे तीन जागी असतात आणि जोडल्यावर भुतासारखी विरळ दिसतात. जोडकाम करताना सावली आकाशाइतकीच उजळ करू नये. सूर्य समोर असताना भिंत अंधारीच असते, आणि डोळ्याला ते ठाऊक असते.

वरून काळा आणि खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर समुद्रकिनारी चांगला चालतो, शहरात फारसा नाही, कारण इथली क्षितिजरेषा सरळ नसते आणि मनोऱ्यांचे माथे उगीच काळे होतात. पोलरायझर या चमक कमी करणाऱ्या फिल्टरचाही सूर्यासमोर आकाश गडद करायला उपयोग नाही. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो. फ्लॅश इमारतींपर्यंत पोहोचत नाही. दोन-तीन मीटरवरच्या माणसाचा चेहरा उजळायला मात्र तो जरूर वापरावा, आणि शटर त्याच्या मर्यादेत, अनेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास, ठेवावे.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवण्याचा पर्याय, स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा संध्याकाळचा नारिंगी रंग चूक समजून धुऊन टाकतो. तो ‘डेलाइट’वर ठेवावा, अधिक उबदार हवा असेल तर ‘क्लाउडी’वर.

पायरी १०: पहिला सराव

एका संध्याकाळी, सूर्य मावळण्यापूर्वी पाऊण तास, एकच कोपरा निवडावा, जिथून रस्ता, एखादा उंच आकार आणि आकाश एकत्र दिसते. चौकट न हलवता उणे २, उणे १, शून्य, अधिक १ आणि अधिक २ अशी पाच छायाचित्रे घ्यावीत. तिथेच सावलीत जाऊन ती एकापाठोपाठ पाहावीत आणि कोणत्या छायाचित्रात कोणती भिंत नाहीशी होते, कोणत्यात आकाश जाते, हे वहीत टिपावे. पंधरा मिनिटांनी तीच पाच पुन्हा घ्यावीत. सूर्य खाली येईल तसा पाच छायाचित्रांतला फरक बदलत जाईल, आणि मघा उणे २ ला मिळालेले आकाश आता उणे १ लाच मिळते, असे दिसून येईल.

सूर्य छपरांआड गेला की कॅमेरा पिशवीत घालू नका. आकाश आणि रस्ता यांतला फरक झपाट्याने कमी होतो, दिवे लागू लागतात, आणि दिवसभर काळ्या राहिलेल्या त्याच भिंती आकाशाच्या मंद उजेडात, अधिक-उणे काहीही न करता, आतल्या खिडक्यांसकट उमटतात. शटरचा वेग मंदावेल, तेव्हा कॅमेरा कठड्यावर टेकवा आणि सहावे छायाचित्र त्याच चौकटीत घ्या.